फ्लोराईडचं अधिशोषण : बाटली शेकरवर ठेवण्याआधी या चुका टाळा

अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिनाने (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साईडच्या सच्छिद्र कणांनी) बोअरच्या पाण्यातलं फ्लोराईड काढायचा प्रयोग दरवर्षी कुणी ना कुणी हाती घेतं. कण आणि पाणी बाटलीत घालून शेकर या यंत्रावर हलवायचं, फ्लोराईड कणांच्या पृष्ठभागाला चिकटतं; हेच अधिशोषण. आणि दरवर्षी वहीत नेमका एक रकाना गायब असतो : प्रयोग संपल्यावरचा सामू (पीएच).

सुरुवातीला सामू ६ केला, म्हणून निकालावरही ‘सामू ६’ लिहून मोकळं होतात. पण तो ६ राहतो कुठे? अ‍ॅल्युमिनाच्या कणावर हायड्रॉक्सिल गट असतात. फ्लोराईड त्यांची जागा घेतं आणि हायड्रॉक्साईड पाण्यात सुटतं. सामू चढतो. तो ८-९ च्या आसपास गेला की कणावरचा धन प्रभार जवळजवळ संपतो आणि फ्लोराईड चिकटेनासं होतं. मी वही उघडली की आधी शेवटच्या सामूचा रकाना आखते, लाल शाईने. मग बाकीचं.

दुसरी चूक डिस्टिल्ड वॉटरची, आणि तिचा मला खरंच राग येतो. मागे एका विद्यार्थ्याने डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोडियम फ्लोराईड विरघळवून अ‍ॅल्युमिनाची क्षमता काढली. आकडा सुरेख आला. त्यावरून यवतमाळ जिल्ह्यातल्या एका घरासाठी फिल्टर भरला. दोन महिने चालेल असं गणित. अकराव्या दिवशी फ्लोराईड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर. दुसरा स्रोत नसेल तेव्हा आपलं मानक सोसतं ती ही कमाल मर्यादा, एरवी १. घरात दोन लहान मुलं. रोज नमुना घेत होतो म्हणून कळलं.

त्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर होतं. ते सामू ८ च्या खाली येऊ देत नव्हतं आणि कणावरच्या जागाही अडवत होतं. ‘बोअरचं पाणी आधी तपासायला वेळ नव्हता’ हे कारण मी ऐकून घेत नाही. ज्या बोअरचं पाणी प्यायचं, त्याच बोअरचा कॅन आणा, आधी अल्कलिनिटी (आम्ल पचवून सामू टिकवून धरायची पाण्याची क्षमता) काढा, मग अ‍ॅल्युमिनाला हात लावा.

काचेच्या बाटल्या नकोत, प्लास्टिकच्या घ्या. अ‍ॅल्युमिना न घातलेली एक बाटली प्रत्येक वेळी सोबत हलवा. इलेक्ट्रोडने फ्लोराईड मोजताना टायसॅब (नमुन्यात मिसळायचं बफर द्रावण, जे अ‍ॅल्युमिनियमने धरलेलं फ्लोराईड मोकळं करतं) टाळू नका. ते नसेल तर विरघळलेलं अ‍ॅल्युमिनियम फ्लोराईडला धरून ठेवतं, इलेक्ट्रोडला फक्त मोकळं फ्लोराईड दिसतं, आणि पाणी आहे त्यापेक्षा स्वच्छ भासतं.

आलेखाची रेषा प्रयोगाच्या आकड्यांशी ०.९९ इतकी (१ म्हणजे तंतोतंत) जुळली म्हणून ‘रासायनिक अधिशोषण सिद्ध झालं’, म्हणजे फ्लोराईड कणाशी बंधाने जोडलं गेलं, असं लिहू नका. रेषा जुळणं आणि बंध असणं या वेगळ्या गोष्टी. एक साधी चाचणी करा : सामू तोच ठेवून मीठ ०.०१ मोलरवरून ०.१ वर न्या. चिकटणं खूप घटलं, तर आयन पाण्याच्या थरापलीकडून नुसत्या प्रभाराने धरलेला असण्याची शक्यता जास्त. फारसा फरक पडला नाही, तर पृष्ठभागाशी थेट बांधलेला असावा. दोन दिवसांचं काम आहे, पण नेमकं हेच गाळतात.

अ‍ॅल्युमिना पुन्हा वापरताना कॉस्टिक सोड्याने धुतात, इथवर ठीक. त्यानंतरची सौम्य आम्लाची धुलाई घाईत सोडली, तर कणांवर ऋण प्रभार राहतो आणि पहिल्या कॅनपासून फ्लोराईड तसंच खाली उतरतं. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सामू ७ च्या जवळ येईपर्यंत मी नळाखालचं भांडं हलवत नाही.