लाईव्ह जायच्या आधी: नागपुरातून स्वतःचा शो उभारणाऱ्यांसाठी

कॅमेरा कोणता घ्यावा हे सगळे आधी विचारतात. यादीत तो शेवटी लिहा. पहिल्या ओळीत वार आणि वेळ लिहायची, कारण लाईव्ह शो चालतो तो ठरल्या वेळी येऊन बसणाऱ्या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येणाऱ्या मंडळींवर. ही मंडळी किती लागतात त्याचा हिशोब मांडून बघा. यूट्यूबवर प्रेक्षकांकडून थेट पैसे घेण्याची सोय सुरू व्हायला ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत ३ सार्वजनिक व्हिडिओ आणि वर्षभरात ३,००० तासांचं पाहणं लागतं. तासाभराचा शो ६० माणसांनी शेवटपर्यंत पाहिला की ६० तास झाले. असे ५० आठवडे म्हणजे ३,००० तास. जाहिरातींच्या वाट्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि ४,००० तास, म्हणजे तेच गणित ८० माणसांवर. यात व्हायरल व्हायची गरज कुठे आली? शो झाल्यावर बघणारे धरले तर काम आणखी सोपं. मात्र रेकॉर्डिंग ‘नीट नाही झालं’ म्हणून डिलीट किंवा प्रायव्हेट करू नका, त्याचे तास हिशोबातून जातात.

ही साठ माणसं कोण, ते आता ठरवायचं. ‘नागपूरच्या गप्पा’ म्हणून तर्री पोह्यापासून मेट्रोपर्यंत सगळं घेणारे शो भरपूर निघतात आणि सगळ्यांना थोडे थोडे आवडून कोणाचेच राहत नाहीत. माझं मत विचाराल तर विषय अरुंद घ्या. उदाहरणापुरता संत्रा घेऊ. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शीचा बागायतदार आंबिया बहाराची फळगळ सुरू झाली की उत्तर शोधत असतो, आणि ते त्याला आजच हवं असतं. लाईव्हची खरी ताकद इथे आहे. माणूस बागेतून फोटो पाठवतो, हा डिंक्या रोग आहे की कोळशी, शोमधला जाणकार पाहुणा तिथल्या तिथे सांगतो. जाणकार शोधायला लांब जायला नको, लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था अमरावती रोडवर आहे आणि कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेली मंडळी गावोगावी आहेत. वर्षाचं वेळापत्रकही बहारच लावून देतो. आंबियाचा ताण (बहारासाठी तोडलेलं पाणी) कधी सोडायचा, मृगाचा पाऊस लांबला तर काय करायचं, कळमन्याच्या बाजारात आवक वाढली की भाव कसा फिरतो. प्रत्येक भागाचा विषय महिनाभर आधी कागदावर असायला काहीच हरकत नाही. तुमचा विषय वेगळा असेल, स्पर्धा परीक्षा असेल, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटकं असतील. कसोटी तीच ठेवा: या आठवड्यात हे ऐकलं नाही तर कोणाचं काही अडतं का?

वेळेकडे परत येतो, कारण विषय ठरल्यावर ती बदलते. बागायतदार जेवून रात्री नऊला मोकळा होतो असं शहरात बसून वाटतं. पण कृषिपंपाची लाईन कधी दिवसा असते, कधी रात्री, आणि रात्रीची पाळी असली की तो ओलिताला गेलेला असतो. दहा-बारा जणांना फोन करून विचारा आणि मग वार धरा. आयपीएलच्या दिवसांत संध्याकाळचं नाव काढू नका. जामठ्याच्या स्टेडियमवर मॅच असेल त्या दिवशी तर शहरातलं कोणीच येणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक असते. मिरवणुकीतून मोबाईल डेटावर लाईव्ह जायची हौस असेल तर गर्दीत नेटवर्क साथ देईलच असं धरून चालू नका. रेकॉर्ड करा आणि रात्री दाखवा.

आता जागा. भाड्याचा स्टुडिओ पहिल्या वर्षी नको. अमेरिकेत लिओ लापोर्ट यांनी २००५ मध्ये सुरू केलेलं ‘ट्विट’ हे तंत्रज्ञानावरच्या स्वतंत्र शोंचं जुनं जाळं. जाहिराती आटल्या तेव्हा त्यांना २०२१ मध्ये सुरू केलेल्या सभासदत्वाचा आधार झाला, पण तेवढ्याने मोठ्या स्टुडिओचा खर्च निभेना. २०२४ मध्ये तो बंद करून मंडळी घरून शो करू लागली. इतक्या वर्षांच्या बस्तानाला जे जड गेलं, ते धरमपेठेतल्या दोन खोल्यांच्या भाड्यापायी तुम्ही पहिल्याच महिन्यात अंगावर घेऊ नका. घरातली एक खोली पुरते.

मात्र नागपूरचा उन्हाळा त्या खोलीत येणार. एप्रिल-मे मध्ये कूलर चालू ठेवला तर माईकमध्ये पंख्याची घरघर आणि पाण्याचा पाझर दोन्ही उतरतात. बंद केला तर वीस मिनिटांत पाहुण्याला घाम फुटतो आणि कॅमेरा म्हणून लावलेला फोन तापून मान टाकतो. यावर तीन गोष्टी जमतात. कूलर बाजूच्या खोलीत लावून दारातून हवा घ्यायची. माईक तोंडापासून चार बोटांवर, डायनॅमिक जातीचा घ्यायचा, तो खोलीतला आवाज कमी ओढतो. खिडकीला जाड पडदा आणि जमिनीवर सतरंजी, म्हणजे भिंतीवरून येणारा घुमारा जातो. फोनचं कव्हर काढून ठेवा. चार्जरवर लावून लाईव्ह केलं की तो जास्त तापतो, म्हणून आधी पूर्ण चार्ज करून घ्या. चित्र थोडं अंधुक असलं तरी लोक बसतात. आवाज फाटला की उठून जातात, म्हणून पैसे आधी माईकवर घालायचे.

विजेचं पाहताना घरात इन्व्हर्टर आहे एवढ्यावर समाधान मानू नका. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर गेलं की आवाजात ‘घूं’ येऊ शकतो. एकदा मेन स्विच पाडून, पाच मिनिटं रेकॉर्ड करून, हेडफोन लावून ऐका. राउटरला वेगळा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्याच. इन्व्हर्टर लाईन बदलतो त्या क्षणी राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला तर तेवढ्यात शो तुटतो. पहिल्या पावसात वीज कडाडायला लागली की लॅपटॉपचं चार्जर काढून बॅटरीवर चालवा.

इंटरनेटचा वेग मोजताना सगळे डाऊनलोड दाखवतात. लाईव्हला अपलोड लागतो, आणि तो शोच्याच वाराला शोच्याच वेळी मोजायचा, कारण दुपारी तीनचा आकडा रात्री नऊला टिकत नाही. ७२०पी चित्राला साधारण ४ एमबीपीएस जातात, तुमच्याकडे स्थिर असे त्याच्या दुप्पट तरी हवेत. १०८०पीचा मोह सोडा, बघणारा फोनवर आहे. घरातल्यांना त्या तासात सिनेमा लावू नका म्हणून सांगा. दुसऱ्या कंपनीचं सिम फोनमध्ये टाकून हॉटस्पॉट तयार ठेवा. सॉफ्टवेअर म्हणून ओबीएस फुकट आहे आणि भरपूर आहे. त्यात कीफ्रेम (पूर्ण चित्र पुन्हा पाठवण्याचं अंतर) २ सेकंदांवर ठेवा, बाकीचं पहिल्या महिन्यात हात लावू नका.

खात्याची कामं लवकर उरका. चॅनेलवर लाईव्हची सोय चालू करायला फोन नंबर पडताळावा लागतो आणि पहिल्यांदा २४ तासांपर्यंत थांबावं लागतं. जाहिरात छापून झाल्यावर हे कळलेले लोक आहेत. नुसत्या मोबाईल ॲपमधून लाईव्ह जायला ५० सबस्क्रायबर लागतात.

एक माणूस फक्त चॅटसाठी हवा. होस्टने बोलता बोलता चॅट वाचायचं म्हटलं की दोन्ही बिघडतात. हा माणूस प्रश्न निवडतो, गावाच्या नावासकट पुढे करतो, शिव्या देणाऱ्याला बाहेर काढतो. जातीवरून आणि पक्षावरून ठिणगी कुठे पडते हे त्याला माहीत असावं, म्हणून बाहेरचा पगारी पोरगा घेण्यापेक्षा तिथलाच नेहमीचा प्रेक्षक बरा. पाहुण्याला सुरुवातीलाच सांगून ठेवा की नाव घेऊन आरोप करायचा नाही. लाईव्हमध्ये कात्री नसते आणि बदनामीचा कायदा लाईव्ह म्हणून सूट देत नाही.

सुरुवातीचं वाक्य लिहून ठेवा. आपल्याकडचे निम्मे लाईव्ह ‘आवाज येऊन राहिला का जी? कोणी सांगा बरं चॅटमध्ये’ इथे सुरू होतात आणि आठ मिनिटं तिथेच असतात. आवाज येतो का हे बाजूच्या खोलीतल्या दुसऱ्या फोनवर आधी बघायचं. घड्याळात नऊ वाजले की विषय, पाहुणा, आणि आज काय कळणार ते तीन वाक्यांत. उशिरा येणारा नंतर मागे जाऊन बघतो, वेळेवर आलेल्याला त्याच्यासाठी ताटकळत ठेवू नका.

वाढीचं बरंचसं काम शो संपल्यावर असतं. रेकॉर्डिंगचा सुरुवातीचा रिकामा भाग कापा. प्रत्येक प्रश्नाला वेळेची खूण द्या, पहिली ०:०० ची, आणि किमान तीन. शीर्षकात शेतकरी जसं बोलून शोधतो तेच शब्द, देवनागरीत. एका प्रश्नाचं एक उत्तर कापून उभा छोटा व्हिडिओ करा, पण त्यात पुढच्या शोचा वार सांगितलेला असू द्या, नाहीतर बघून लोक पुढे सरकतात. व्हॉट्सॲपवर शोच्या दिवशी सकाळी एक आणि सुरू होताना एक, एवढेच निरोप. रोज सुप्रभात पाठवणाऱ्याला लोक म्यूट करतात.

पैशाचं पान वेगळं करा. यूट्यूबवरच्या जाहिरातींतून नेहमीच्या व्हिडिओला ५५ टक्के मिळतात, मेंबरशिप आणि सुपर चॅटमधून (लाईव्हच्या चॅटमध्ये पैसे देऊन टाकलेले संदेश) कर वजा जाता ७०. समजा मेंबरशिप करासकट ५९ रुपये ठेवली. १८ टक्के जीएसटी गेला की ५० उरतात, त्यातले ३५ तुमचे. शंभर मेंबर झाले तर महिन्याला साडेतीन हजार. इंटरनेटचं बिल आणि चॅटवाल्याचं मानधन त्यात निघेल, तुमची मेहनत नाही निघणार. हे आधी लिहून ठेवलं की सहा महिन्यांनी चिडचिड होत नाही. दर महिन्याला पैसे घ्यायच्या परदेशी साइट्स आपल्याकडे फारशा चालत नाहीत. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप पैसे कापायचे नियम कडक केले, तेव्हा अशी वर्गणी भरणाऱ्यांची बरीच गळती झाली. यूपीआयचा क्यूआर पडद्यावर ठेवा. त्याआधी शोच्या नावाने वेगळं खातं काढा, घरच्या किराण्याच्या खात्यावर वर्गणी घेतली की मार्चमध्ये काही उलगडत नाही. आणि मागताना कामाचं नाव सांगून मागा: ‘यंदा मृगात दर आठवड्याला एका बागेतून शो करायचा आहे, गाडीचं पेट्रोल आणि डेटा एवढा खर्च आहे.’ जमलेला आणि खर्चलेला आकडा महिनाअखेरीस शोमध्येच वाचून दाखवा.

झाडीपट्टीकडे बघा. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला बसून नाटक कंपन्या दिवाळीनंतरच्या हंगामाच्या तारखा देतात, गावचं मंडळ नाटक घेतं, तिकिटं तेच विकतं. तुमच्या शोचा एखादा भाग काटोलच्या शेतकरी गटाने किंवा एखाद्या कॉलेजने असाच ‘घेतला’ तर काय वाईट? प्रवास आणि जागा त्यांची, माईक तुमचा, आणि समोर खुर्च्यांवर माणसं. पन्नास हजार व्ह्यूजच्या जाहिरातीपेक्षा अशा एका भागातून जास्त हातात पडू शकतं.

प्रायोजक जवळचेच बघा. रोपवाटिका, ठिबकवाला, क्रेट विकणारा. त्यांना व्ह्यूज सांगू नका, कोणत्या तालुक्यातून किती प्रश्न आले ते दाखवा. भाव एका भागाचा सांगू नका, चार भागांचा सांगा. पण औषध कंपनी आली की थांबा. ज्या भागात फवारणी सांगणार त्याच भागाला फवारणीचं औषध विकणाऱ्याचे पैसे असतील तर पाहुण्याचं उत्तर कोणी खरं मानणार नाही. तो विषय सोडून बाकीचे भाग द्या. पैसे घेतले हे बोलून आणि लिहून दोन्ही प्रकारे सांगायचं. जाहिरात मानक परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं २०२१ पासून आहेत, ग्राहक संरक्षणाचे नियमही तेच म्हणतात. पैशाऐवजी वस्तू मिळाली तरी सुटका नाही. वर्षात एकाच कंपनीकडून २० हजारांवर माल आला तर त्यावर १० टक्के टीडीएस लागतो.

कागदांत आणखी तीन. यूट्यूबचे पैसे १०० डॉलर साठल्यावरच येतात आणि १० डॉलरला पत्त्यावर पिन टपालाने येतो, म्हणून पत्ता असा द्या जिथे पोस्टमन तुम्हाला ओळखतो. अमेरिकेच्या कराची माहिती भरा. नाही भरली तर सगळ्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कापले जाऊ शकतात, भरली तर भारत-अमेरिका कर करारानुसार फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या कमाईवर १५. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर जायला लागली की जीएसटीसाठी सीएकडे जा. आणि शो बातम्यांचा किंवा चालू घडामोडींचा असेल, डिसेंबरात हिवाळी अधिवेशनावर बोलणारा असेल, तर परदेशी नागरिकाकडून देणगी घेऊ नका. परकीय अंशदानाच्या २०१० च्या कायद्यात त्याला मनाई आहे. टेक्सासला स्थायिक होऊन तिथलं नागरिकत्व घेतलेला बर्डीचा जुना मित्रही त्यात आला. भारतीय पासपोर्ट ठेवून तिथे राहणारा आपल्या कमाईतून देत असेल तर गोष्ट वेगळी.

कुलूप लावायचं राहिलं. शो जरा वाढला की ‘प्रायोजकत्वाचा करार जोडला आहे’ अशी मेल येते. जोडलेली फाईल उघडली की ब्राऊझरमधलं लॉगिन चोरीला जातं आणि सकाळी तुमच्या चॅनेलवर कोणीतरी क्रिप्टोचं लाईव्ह चालवत असतं. प्रायोजकाच्या मेल वेगळ्या पत्त्यावर घ्या आणि तो पत्ता लाईव्हच्या लॅपटॉपवर उघडूच नका. मदतनिसांना पासवर्ड सांगायचा नाही, चॅनेलच्या सेटिंगमधून हवा तेवढाच हक्क द्यायचा. स्ट्रीम कीचा (ओबीएसला चॅनेलशी जोडणारा गुप्त कोड) स्क्रीनशॉट ग्रुपवर गेला असेल तर ती आजच बदला.