सॅन फ्रान्सिस्को पाहावे ते मान खाली घालून

मुलांकडे बे एरियात आलेल्या आईवडिलांना सॅन फ्रान्सिस्को बहुधा एकाच पद्धतीने दाखवले जाते: गाडीतूनच गोल्डन गेट पूल, लोम्बार्ड स्ट्रीटची आठ वळणे, धक्क्यावर थोडा वेळ, की लगेच परत. या शहराच्या नवलाच्या गोष्टी मात्र बऱ्याचशा पायाखाली आहेत, आणि त्यांच्यासाठी एक पूर्ण दिवस, चांगले बूट आणि स्वेटर एवढेच लागते. स्वेटर जुलैतही हवाच. आतली खोरी तापली की समुद्रावरचे गार धुके शहरात ओढले जाते. खरी ऊब सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असते, तेव्हा शक्य असल्यास तेच महिने निवडावेत.

सुरुवात क्ले आणि सॅन्सम या रस्त्यांच्या चौकातून करावी. आज येथून खाडीचा काठ पाच-सहा चौक दूर आहे. १८४९ मध्ये मात्र येथे पाणी होते. सोन्याच्या शोधात आलेल्या जहाजांवरचे खलाशीही खाणींकडे पळाले आणि शेकडो जहाजे बंदरात बेवारस पडली. ‘नायँटिक’ हे देवमाशांच्या शिकारीचे जहाज काठाला ओढून, त्याला दारे पाडून गोदाम म्हणून वापरण्यात आले. १८५१ च्या आगीत वरचा भाग जळाल्यावर उरलेल्या सांगाड्यावर चक्क हॉटेल उभे राहिले. पुढे खाडी बुजत गेली, जहाज विस्मरणात गेले आणि १९७८ मध्ये नव्या इमारतीचा पाया खणताना त्याचे अवशेष पुन्हा हाती लागले. तेथील स्मृतिफलक वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. अशाच ‘रोम’ नावाच्या जहाजाच्या सांगाड्यातून १९९४ मध्ये म्युनी या शहराच्या सार्वजनिक वाहतूक सेवेच्या रेल्वेचा बोगदा आरपार खणला गेला, आणि एम्बार्कादेरो स्थानकातून दक्षिणेकडे जाणारे प्रवासी जहाजाच्या पोटातून रोज ये-जा करतात. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

आता चढ चढत वॉशिंग्टन आणि मेसन यांच्या चौकातील केबल कार संग्रहालयात यावे. प्रवेश विनामूल्य आहे. वाटेत एखाद्या चौकात डांबरात विटांचे मोठे वर्तुळ दिसले तर थांबावे. त्याखाली आगीसाठी राखून ठेवलेली पाण्याची टाकी असते. १९०६ च्या भूकंपात नळ फुटल्यामुळे शहर जळत राहिले, त्यानंतर अशा टाक्यांची संख्या मुद्दाम वाढवण्यात आली.

संग्रहालय म्हणजे खरे तर चालू कारखाना आहे. प्रचंड चाकांवरून चार पोलादी दोर अखंड फिरत असतात आणि शहरातील सगळ्या केबल कार त्यांवरच चालतात. गाडीला स्वतःचे इंजिन नसते; चालक लांब दांड्याने रस्त्याखालचा दोर पकडतो आणि सोडतो. दोराचा वेग ताशी सुमारे १५ किलोमीटर, म्हणून चढ असो वा उतार, गाडीची चाल तीच. बाहेर आल्यावर रुळांमधल्या फटीकडे कान द्यावा, दोराची घरघर स्पष्ट ऐकू येते. मग लगतच्या जॅक्सन स्ट्रीटवरून हाइडकडे जाणारी गाडी पकडावी आणि जमल्यास चालकाजवळ उभे राहावे. तीव्र उतारावर तो रुळांवर लाकडी ठोकळे दाबतो, तेव्हा जळक्या लाकडाचा वास येतो. घाबरू नये, तो ब्रेक आहे. हे ठोकळे काही दिवसांतच झिजून बदलावे लागतात.

शेवटच्या थांब्यावर उतरून किनाऱ्याने पश्चिमेकडे चालत मरीना भागाच्या टोकाशी असलेल्या ‘वेव्ह ऑर्गन’पाशी, म्हणजे लाटांच्या पाण्याने वाजणाऱ्या नळ्यांच्या शिल्पापाशी, जावे. भरतीची वेळ आधी पाहून ठेवावी, कारण ओहोटीला नळ्या जवळजवळ मुक्या असतात. भरतीला त्यांना कान लावला की पाण्याचे गुडगुडणे आणि उसासे ऐकू येतात. बसायला असलेले कोरीव दगड मात्र जरा निरखून पाहावेत: ते उखडलेल्या दफनभूमीतले आहेत. जागा महाग झाली, १९०१ पासून शहरात दफनाला बंदी आली, आणि पुढे जुन्या कबरीही हलवून दक्षिणेच्या कोल्मा गावी नेण्यात आल्या. तेथे आज दीडेक हजार जिवंत आणि सुमारे पंधरा लाख मृत आहेत. मागे राहिलेले दगड बांधकामात गेले. ब्युएना व्हिस्टा बागेच्या गटारांत उलटसुलट बसवलेल्या तुकड्यांवर अक्षरेही सापडतात.

वेळ उरल्यास बसने वुड स्ट्रीटवरील ५ क्रमांकाच्या घरापाशी यावे. लॉरेल हिलची जुनी दफनभूमी या परिसरातच होती. हे गदर स्मारक आहे, ब्रिटिश राजवटीविरुद्ध सशस्त्र उठाव करू पाहणाऱ्या अमेरिकेतील भारतीयांच्या गदर चळवळीचे. आत जायचे असल्यास भारतीय वाणिज्य दूतावासाकडे आधी चौकशी करावी. ‘गदर’ पत्राचा पहिला अंक १ नोव्हेंबर १९१३ रोजी याच शहरातून निघाला. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे या चळवळीत होते. तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे १९१४ मध्ये अमेरिकेतील शिक्षण सोडून उठावासाठी परतले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी याच चळवळीतील कर्तारसिंग सराभा यांच्यासह लाहोरच्या तुरुंगात फासावर गेले.