बायकोचा पहिला जी कॉर्ड

बायकोची बोटं थोड्याच वेळात हुळहुळायची, गिटार बाजूला ठेवावी लागायची. दोष बोटांचा नव्हताच. मुंबईच्या पावसाळ्यात दमट हवेनं लाकूड फुगतं, तारा फ्रेटबोर्डपासून, म्हणजे बोटं दाबतो त्या दांड्याच्या पट्टीपासून, उचलल्या जातात, शिवाय गंजतातही. गंजलेला ०.०१२ इंचाचा संच (हा आकडा सर्वांत बारीक तारेच्या जाडीचा) काढून मी ०.०१० चा लावला, दुसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांड्यावरची धातूची आडवी पट्टी) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, चढवला. लगेच दाब कमी लागू लागला.

पूर्ण जी कॉर्डही (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर) सध्या नको. कॅपोपासून मोजून तिसऱ्या फ्रेटवर पहिली, म्हणजे सर्वांत बारीक, तार अनामिकेनं दाबायची, फक्त बारीक चार तारा छेडायच्या. सी साठी तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर, छेडायच्या बारीक तीनच. एवढ्यावर ती चक्क गुणगुणत वाजवायला लागली!

नवऱ्यांनो, तिची बोटं धरून बसवू नका. शेजारी बसून टाळीनं ताल धरा. अवघड एफ कॉर्ड आम्ही दिवाळीनंतर घेणार आहोत.