जुन्या पिकअपचे पाटे घरी बदलताय? या चुका टाळा

द्राक्षांचा हंगाम उरकेपर्यंत निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडच्या जुन्या पिकअप मागून बसलेल्या दिसतात. बागेच्या बांधावरून भरलेला माल, शिवाररस्त्याचे खड्डे आणि वर गाडीच्याच वयाचे पाटे, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. मग पावसाआधी शेडमध्येच गाडी उचलायची आणि पाटे-शॉकअप बदलून टाकायचे, असं ठरतं. काम तसं अवघड नाही. एका बाजूला दोन यू बोल्ट (पाटा अ‍ॅक्सलला, म्हणजे दोन चाकांमधल्या आसाला, आवळणारे), पुढची पिन, मागचं शॅकल (पाट्याचं मागचं टोक गाडीला जोडणारा हलता दुवा) आणि शॉकअपचे दोन नट, एवढाच पसारा. पण घरी केलेल्या कामात पुढे कटकट झाली, तर दोष नव्या पार्टचा क्वचितच निघतो. एक तर बोल्ट चुकीच्या वेळी आवळलेला असतो, नाहीतर मुळात दुखणंच वेगळं असतं.

आधी नीट बघा, मग पाना हातात घ्या

गाडी रिकामी करा, सपाट फरशीवर लावा, चारही टायरची हवा सारखी करा. आता चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंना टेपने मोजा आणि लिहून ठेवा. हे पाच मिनिटांचं काम बहुतेक जण टाळतात. मग नवे पाटे बसवल्यावर गाडी तिरकी वाटली, तर ती आधीपासून तिरकी होती की आता झाली, हे सांगायला काहीच हातात राहत नाही.

त्यानंतर पाटे धुऊन काढा. चिखल आणि जुन्या ग्रीसखाली तडा लपतो. पाट्यावर आडवी गंजाची बारीक रेघ दिसली, तर तो पाटा गेलाच समजा. मोडलेला बऱ्याचदा वरचा मेन पाटा नसतो, खालचा दुसरा-तिसरा असतो आणि क्लिपमध्ये धरून राहिल्यामुळे लांबून शाबूत दिसतो. शॅकलमध्ये पहार घालून हलवून बघा. तिथे खेळ असेल, तर खड्ड्यातली खटखट बुशची, म्हणजे सांध्यातल्या अस्तराची आहे, पाट्याची नाही.

इथेच दुसरा घोळ होतो. गाडी बसली म्हणून शॉकअप बदलले जातात. शॉकअप वजन उचलत नाही, तो फक्त झोके आवरतो. बसलेली गाडी नव्या शॉकअपने वर येणार नाही. उलट खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा डुलत असेल, शॉकअपवर तेल पाझरलेलं असेल, तर पाट्यांना हात लावायची गरज नसेलही.

जॅकची चूक माफ होत नाही

पिकअपला ताकद मागच्या चाकांना. हँडब्रेकही मागच्याच चाकांना धरतो. म्हणजे मागची बाजू उचलली की गिअरही गेला आणि हँडब्रेकही गेला, दोन्ही हवेत. गाडी थांबलेली असते ती केवळ पुढच्या दोन चाकांवर आणि ती मोकळी असतात. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना, पुढून आणि मागून, लाकडी ठोकळे ठोकून बसवा. मगच जॅक लावा.

जमीन मातीची असेल तर काम करू नका, असंच मी म्हणेन. निफाडकडच्या काळ्या मातीत, वरून कोरडी दिसली तरी, बॉटल जॅकचा तळ हळूहळू रुततो आणि तिरका होतो. नाइलाजच असेल तर खाली जाड, रुंद फळी हवी. आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जायचं नाही. चेसी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, लोखंडी घोडीवर टेकवा. विटा, सिमेंटचे ब्लॉक किंवा टोमॅटोचे कॅरेट एकावर एक रचून त्यावर चेसी ठेवलेली मी पाहिली आहे. ब्लॉक फुटताना आधी आवाज करून सांगत नाही. रिकामी पिकअपही दीड टनाच्या आसपास भरते.

घोडी चेसीखाली आणि जॅक अ‍ॅक्सलखाली, असे दोन वेगळे आधार लागतात. फक्त अ‍ॅक्सल उचलला तर पाट्यावरचा भार उतरतच नाही. फक्त चेसी उचलून शॉकअप काढले तर अ‍ॅक्सल खाली लोंबतो आणि ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो. तो त्या दिवशी तुटत नाही, पुढे कधीतरी घाटात उतरताना तुटतो.

दोन्ही बाजू एकाच वेळी खोलायच्या नाहीत. एक बाजू जोडलेली असली की अ‍ॅक्सल जागेवर राहतो. दोन्ही सोडल्या की तो गोल फिरतो, पुढे-मागे सरकतो आणि परत रेषेत आणताना दोन माणसांची कंबर मोडते. नवे पाटे मात्र दोन्ही बाजूंना घालायचे. एक जुना, एक नवा असं केलं तर गाडी नव्या बाजूकडून जुन्याकडे कललेलीच राहणार.

गंजलेले नट आणि गॅसचा मोह

इगतपुरीच्या पावसात फिरलेल्या गाडीचे यू बोल्ट पान्याला दाद देत नाहीत. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. तरी न निघाले तर ग्राइंडरने कापा, कारण यू बोल्ट तसेही परत वापरायचे नसतात. ते आवळताना ताणले जातात, दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाहीत. नवे बोल्ट, सोबत त्यांचेच जाड नट. दुकानातला साधा नट आट्यात बसतो म्हणून चालेल असं नाही.

गॅसने तापवून नट सोडवायची सवय मात्र सोडा. पाट्याचं पोलाद ठरावीक पद्धतीने कडक केलेलं असतं. लाल झालेल्या जागी त्याची लवचीकता जाते आणि पुढे तिथेच तो मोडतो. शेजारी ब्रेकची नळी, डिझेलची नळी असतेच. याच कारणाने तापवून कमान मारून (पुन्हा वाक देऊन) आणलेले जुने पाटेही मला पटत नाहीत. थंड ठोकून दिलेली कमान काही दिवस टिकते, मेन पाटा मात्र नवाच घ्यावा.

सेंटर बोल्टचं डोकं आणि पाट्याची दिशा

पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसलं पाहिजे. ते कडेवर चढलेलं असताना यू बोल्ट आवळले, तर सगळं घट्ट लागतं, पण अ‍ॅक्सल थोडा पुढे किंवा मागे राहतो. मग गाडी सरळ रस्त्यावर खेकड्यासारखी तिरकी धावते आणि टायर एका कडेने झिजतात.

बऱ्याच पाट्यांत सेंटर बोल्ट बरोबर मध्यावर नसतो. पुढचा भाग आखूड, मागचा लांब. उलटा पाटा बसवला तरी बसतो, हीच अडचण. जुना काढण्याआधी पुढच्या टोकावर खडूने खूण करा आणि नवा त्याच्या शेजारी ठेवून मापं जुळवा. जोडणी झाल्यावर पुढच्या हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंतचं अंतर, पुढची चाकं सरळ ठेवून, दोन्ही बाजूंना मोजा. काही मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर बैठक पुन्हा उघडा.

सगळ्यात जास्त होणारी चूक: हवेत आवळणं

रबरी बुश नीट समजून घ्या. बोल्ट आवळला की आतली लोखंडी नळी जागेवर पकडली जाते आणि पाटा हलतो तेव्हा मधलं रबर पिळलं जातं. गाडी घोडीवर, चाकं लोंबकळत असताना हे बोल्ट पूर्ण आवळले, तर रबराची आरामाची जागा ‘लोंबकळतानाची’ ठरते. गाडी जमिनीवर आली की ते कायमचं पिळलेलं राहतं. महिन्या-दोन महिन्यांत फाटतं, आणि दोष दुकानदाराच्या मालाला दिला जातो.

म्हणून पुढची पिन, शॅकल आणि शॉकअपचे बुशवाले बोल्ट आधी फक्त हाताने लागतील एवढेच लावा. चाकं बसवा, गाडी जमिनीवर उतरवा, हौद्यावर उभं राहून चार-सहा वेळा दाबा, आणि मग खाली सरकून शेवटचं आवळा. ग्रीस निप्पलवाल्या धातूच्या पिनांना हा नियम लागत नाही. रबरी बुशला मात्र साधं ग्रीस लावू नका, रबर फुगतं. बसवायला साबणाचं पाणी पुरतं.

यू बोल्टचे चार नट आलटून-पालटून, तिरक्या क्रमाने, थोडे थोडे आवळा. दोन्ही बाजूंना बाहेर आलेले आटे सारखे दिसायला हवेत. किती जोर लावायचा तो आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेतून घ्या आणि टॉर्क पाना (किती जोर लागला ते दाखवणारा) वापरा, भाड्याने का होईना. पान्याला पाइप घालून अंगाचा भार टाकणं हा हिशोब नाही. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर हेच नट पुन्हा तपासायचे, कारण नवे पाटे एकमेकांवर बसतात आणि पकड सैल होते. पुढे सेंटर बोल्ट तुटला, तर त्याच्यामागे बहुधा हेच सैल यू बोल्ट असतात.

नव्या शॉकअपचा दांडा पकडीने धरून नट आवळायचा नाही. चकाकीवर ओरखडा पडला की सील कापलं जातं. साधा तेलाचा शॉकअप असेल तर बसवण्याआधी उभा धरून दोन-चार वेळा ओढून-दाबून हवा काढा.

“भाऊ, एक पाटा वाढवून टाक ना”

ही मागणी हमखास येते. पाटा वाढवला की गाडी बसत नाही, पण अ‍ॅक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक तेवढेच राहतात. रिकामी गाडी दगडासारखी उडते. प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या अ‍ॅक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन बदलून त्याच्या सांध्यातले क्रॉस लवकर जातात. काही पिकअपना मागच्या ब्रेकसाठी भार ओळखणारा व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी अ‍ॅक्सलला जोडलेली असते. मागची बाजू उंच राहिली की व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि भरलेल्या गाडीतही मागचा ब्रेक कमी मिळतो. कसारा घाट उतरताना हे कळणं फार उशिराचं.

आणि पाटा वाढला म्हणून आरसी बुकावरचं एकूण वजन वाढत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये दंड आहे.

पुढच्या बाजूबद्दल थोडक्यात: पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) किंवा कॉइल स्प्रिंग असेल, तर ते काम घरी नको. दाबलेली स्प्रिंग सुटली की हात-तोंड बघत नाही.

काम झाल्यावर काही बिघडलं तर

किरकिर येत असेल तर पाट्यांच्या टोकांकडे आणि शॅकलकडे बघा. खटखट आली तर शॉकअपचा खालचा नट. वेगात थरथर सुरू झाली तर क्रॉस आणि शाफ्टचा कोन. गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंटला नेण्याआधी हबचं अंतर मोजा, नाहीतर चुकीच्या जागी बसलेल्या अ‍ॅक्सलवर पुढची चाकं जुळवायचे पैसे जातील. नव्या पाट्यांवर मागची बाजू थोडी उंच दिसणं साहजिक आहे. काही फेऱ्यांत ती जरा उतरते. तोवर रात्री उजेड फार जवळ पडत नाही ना, हे भिंतीसमोर गाडी लावून तपासा आणि हेडलाइटचा स्क्रू फिरवून घ्या. मागची बाजू उंच झाली की उजेड जवळच पडतो, तेव्हा तो किती वर घ्यायचा, हे भिंतीवर बघूनच ठरवा.