लहान कंपनीत कामाचा आठवडा आणि विश्रांतीच्या वेळा कशा ठरवाव्यात

लहान कंपनीत कामाचे तास बहुधा तोंडीच ठरतात. नोकरीवर घेताना ‘दहा ते सात’ एवढेच सांगितले जाते. त्या नऊ तासांत जेवणाची सुट्टी धरली आहे की नाही, शनिवार पूर्ण आहे की अर्धा, सातनंतर थांबावे लागले तर त्याचा मोबदला काय, हे पहिली तक्रार येईपर्यंत कोणी विचारत नाही. पंधरा-वीस माणसांच्या कार्यालयाला दोन पानांचे लेखी धोरण पुरते, मात्र ते लिहिण्याआधी थोडे गणित करावे लागते.

महाराष्ट्रातील दुकाने व कार्यालयांसाठी 2017 चा दुकाने व आस्थापना अधिनियम आहे; उत्पादन करणाऱ्या कारखान्याला नोव्हेंबर 2025 पर्यंत 1948 चा कारखाने अधिनियम लागू होता, आता त्याच्या जागी आलेली केंद्राची कामगार संहिता पाहावी लागते. 2017 च्या मूळ कायद्यानुसार दिवसाला नऊ आणि आठवड्याला 48 तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी लागते आणि जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने द्यावा लागतो. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दैनिक मर्यादा दहा तास करण्यास, तीन महिन्यांतील जादा कामाची मर्यादा 125 वरून 144 तासांवर नेण्यास आणि या तरतुदी वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू करण्यास मंजुरी दिली. त्यामुळे धोरण अंतिम करताना कायद्याचा चालू मजकूर जरूर वाचावा. तरीही आखणी मूळच्या कडक मर्यादेवरच करावी, असे माझे ठाम मत आहे. ती दोन्ही स्थितींत बसते, शिवाय रोज दहा तास बसवलेल्या माणसाच्या शेवटच्या तासातील चुका दुसऱ्या दिवशी निस्तराव्या लागतात. मूळ कायदा दहा किंवा अधिक कामगारांसाठी होता; माणसे त्याहून कमी असली, तरी हीच मर्यादा पाळणे योग्य ठरेल.

आता आठवडा. सहा दिवस आठ तास धरले, तर 48 ची मर्यादा तिथेच भरते आणि एखाद्या दिवशी अर्धा तास जास्त थांबले तरी ते जादा काम होते. पाच दिवस साडेआठ तास ठेवले, तर आठवडा साडेबेचाळीस तासांचा होतो आणि निकडीच्या कामासाठी जागा उरते. राज्य शासनाने 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा केला, तेव्हा कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा अशी वाढवली होती. शनिवारची सुट्टी हवी, तर रोजचा दिवस किती लांबेल, हे कर्मचाऱ्यांना आधीच आकड्यांत दाखवावे आणि मग त्यांचे मत घ्यावे. कल्याण किंवा विरारहून रोज लोकलने येणाऱ्याला वाचलेली एक फेरी मोलाची वाटते. लहान मूल पाळणाघरात ठेवणाऱ्या आईला संध्याकाळची पाऊण तासाची वाढ जड जाऊ शकते.

सर्वांत जास्त चूक होते ती कामाच्या एकूण पसाऱ्यात, म्हणजे आल्यापासून जाईपर्यंतच्या वेळेत. मूळ कायद्यात हा पसारा विश्रांती धरून साडेदहा तासांचा आहे. नऊ तास काम, तासाभराची जेवणाची सुट्टी आणि चहासाठी पंधरा-पंधरा मिनिटे वेगळी मोजली, तर साडेदहा तास तिथेच संपतात. पुण्यासारखे दुपारी एक ते चार बंद राहणारे दुकान सकाळी नऊ ते एक आणि चार ते साडेआठ चालले, तर काम साडेआठच तास होते, पण पसारा साडेअकरा तासांचा होतो. अशा ठिकाणी एकाच माणसाला दोन्ही वेळा न बोलावता पाळ्या विभागाव्यात.

विश्रांतीची वेळ नेमकी लिहावी. नऊला काम सुरू होत असेल, तर जेवण दोननंतर सुरू होणे चालणार नाही. या वेळेत कर्मचाऱ्याने जागा सोडलेली असावी. डबा उघडून फोन उचलत बसणे ही विश्रांती नव्हे, ते काम आहे आणि कामातच मोजले पाहिजे. फोन सांभाळायचेच असतील, तर दोन गट करून एकाला एकची आणि दुसऱ्याला पावणेदोनची वेळ द्यावी. चहाची दहा मिनिटे कामाच्या तासांतच धरावीत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती मागितली होती, आणि रविवारची सुट्टी मिळायला 1890 साल उजाडले. इतक्या कष्टाने मिळालेली अर्ध्या तासाची सवलत आपल्या कार्यालयात कागदापुरती राहू नये, असे मला मनापासून वाटते.

साप्ताहिक सुट्टी सलग 24 तासांची असावी. त्या दिवशी बोलावावे लागलेच, तर बदली सुट्टी दोन महिन्यांच्या आत द्यावी आणि तिची तारीख बोलावतानाच लिहून घ्यावी, नाहीतर ती राहून जाते. जादा काम कोणाच्या परवानगीने आणि किती वेळ, हेही त्याच कागदावर यावे.

धोरण मराठीत लिहून सर्वांना वाचायला द्यावे, सह्या घ्याव्यात आणि एक प्रत हजेरीपटाजवळ लावावी. तीन महिन्यांनी हजेरीपटातील जाण्याच्या वेळा तपासाव्यात. एकच माणूस वारंवार तासभर उशिरा निघत असेल, तर त्याचे काम दुसऱ्याकडे वाटून द्यावे किंवा नवीन माणूस घ्यावा.