घरखर्चात बचत करताना या चुका टाळा

पहिला पगार हाती आला किंवा स्वतःचे बिऱ्हाड थाटले की बहुतेक तरुणांना बचतीचे वेड लागते आणि महिनाभरातच ते भलत्या दिशेला धावू लागते. वस्तू स्वस्तात कुठे मिळेल याच्या शोधात तासन्‌तास जातात. घरात आलेल्या वस्तूचे पुढे काय होते, याकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नाही. माझ्या मते घरखर्चातली मोठी गळती दुकानाच्या गल्ल्यावर होत नाही. ती कपाटात, फ्रीजमध्ये, नळावर आणि विजेच्या मीटरवर होते. नात्यातली आणि ओळखीतली तरुण मंडळी सल्ला विचारायला येतात तेव्हा त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा समोर येतात, म्हणून त्या एकदाच लिहून काढत आहे.

सवलतीलाच बचत समजणे

ही माझ्या विशेष रागाची चूक आहे. नोकरी लागल्यावर माझ्या भाच्याने दोन मित्रांबरोबर एक लहानसे घर भाड्याने घेतले आणि काही दिवसांतच मोठ्या उत्साहाने मला फोन करून सांगितले की, वर्षभराचे सामान त्याने जवळजवळ निम्म्या किमतीत भरून ठेवले आहे. "मावशी, खर्च किती झाला ते विचारू नकोस, वाचले किती ते विचार," हे त्याचे शब्द होते. पुढे काही महिन्यांनी मी त्या घरी गेले तेव्हा पलंगाखाली कपडे धुण्याच्या द्रवाच्या बाटल्यांची रांग होती, त्यातल्या बऱ्याच बाटल्यांवरची सवलतीची पट्टीसुद्धा निघालेली नव्हती. पिठाच्या मोठ्या पिशवीला कीड लागली होती, तेलाच्या उघड्या डब्याला खवट वास येत होता आणि एकाच वासाच्या शाम्पूला तिघेही इतके विटले होते की शेवटी तो फरशी पुसायच्या पाण्यात जात होता. हे सगळे मावावे म्हणून त्यांनी एक लोखंडी रॅकही विकत घेतला होता, ही बाब त्याने फोनवर सांगितली नव्हती. वर्ष संपायच्या आत घर बदलावे लागले आणि सामान हलवणाऱ्याने खोकी मोजून पैसे घेतले.

या व्यवहारातला हिशेब साधा आहे, पण तो कोणी मांडत नाही. "दोन घ्या, एक मोफत" या योजनेत तिन्ही नग वापरले गेले, तर प्रत्येक नग सुमारे ३३ टक्के स्वस्त पडतो. तिसरा नग खराब झाला, तर सवलत शून्य होते. तिघांपैकी एकच वापरला गेला, तर त्या एका नगासाठी दुप्पट किंमत मोजलेली असते. म्हणजेच सवलत किती मिळाली हे दुकानात ठरतच नाही, ती वस्तू संपते त्या दिवशी ठरते. मोठे पाकीट नेहमी स्वस्त असते, हाही असाच एक गोड गैरसमज आहे. किंमतीला वजनाने भागून शंभर ग्रॅमला किंवा लिटरला काय दर पडतो ते पाहिले की अनेकदा मधल्या आकाराचे पाकीट बाजी मारते. फोनमध्ये गणकयंत्र असताना हा भागाकार न करण्याला आळसाखेरीज दुसरे कारण मला दिसत नाही.

माझी स्वतःची सवय अशी आहे की सामानाची यादी मी खुर्चीत बसून कधीच करत नाही. कपाटाचे दार उघडून, त्याच्यासमोर उभी राहून करते. डोक्यात असलेले कपाट आणि प्रत्यक्षातले कपाट यांत बराच फरक असतो; डोक्यातल्या कपाटात मीठ नेहमी संपलेले असते आणि खऱ्या कपाटात त्याच्या दोन पुड्या निघतात. महिन्याभरात जेवढे संपते त्याच्या दुपटीपेक्षा जास्त साठा मी कोणत्याही वस्तूचा करत नाही, मग पाटीवर कितीही मोठा आकडा लिहिलेला असो. नवी पुडी मागे आणि जुनी पुढे ठेवायची, एवढी शिस्त पाळली तरी निम्मे काम होते.

फ्रीजला कोठार समजणे

वरच्या चुकीचेच हे धाकटे भावंड. फ्रीज अन्न टिकवतो म्हणजे फक्त त्याची नासाडी लांबवतो, हे लक्षात न घेता लोक त्यात वस्तू कोंबतात आणि मागच्या कोपऱ्यात गेलेले भांडे थेट फेकायच्या वेळीच बाहेर येते. खालच्या भागाचे तापमान ४ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि फ्रीझरचे उणे १८ अंश असले की पुरते. त्याहून थंड ठेवून अन्न विशेष जास्त टिकत नाही, वीज मात्र जाते. आत हवा फिरायला जागा हवी, म्हणून खालचा भाग ठासून भरू नये. दाराच्या रबरात कागद धरून दार लावावे आणि कागद ओढून पाहावा. तो सहज सरकून हाती आला तर रबर सैल झाले आहे आणि यंत्र दिवसरात्र खोली थंड करण्याचा उद्योग करत आहे.

आमच्या फ्रीजचा डोळ्यासमोर येणारा कप्पा "आधी हे संपवा" या कामासाठी राखलेला आहे. उघडलेले पाकीट, उरलेली अर्धी भाजी, कालचे अन्न, सगळे तिथेच. उघडलेल्या बरणीवर चिकटपट्टी लावून उघडल्याची तारीख लिहिते; हे पाहून पाहुणे हसतात, पण बरणी कधी उघडली यावर आमच्या घरात वाद होत नाही. पाकिटावरच्या तारखांच्या बाबतीतही तरुण मंडळी घाई करतात. "या तारखेपर्यंत वापरा" ही सूचना सुरक्षिततेची असते आणि ती पाळलीच पाहिजे. "या तारखेपूर्वी उत्तम" ही सूचना चव आणि दर्जा यांच्याबद्दल असते, त्यामुळे नीट बंद आणि कोरड्या जागी ठेवलेली वस्तू त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी विषारी होत नाही. हा फरक न वाचता चांगली वस्तू कचऱ्यात टाकणे आणि तीच पुन्हा विकत आणणे, हे मी स्वच्छतेच्या नावाखाली चाललेले पाहिले आहे.

चार्जर काढणे आणि गीझर विसरणे

विजेच्या बचतीबद्दल बोलायला लागले की प्रत्येक जण फोनच्या चार्जरपासून सुरुवात करतो. फोन न जोडता भिंतीत राहिलेला आजचा चार्जर साधारण ०.१ वॉट किंवा त्याहूनही कमी वीज घेतो. वर्षाचे ८,७६० तास तो तसाच राहिला तरी पुरते एक युनिटही होत नाही. याउलट गीझरमधले १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला एका वेळी सुमारे ०.६ युनिट लागते. म्हणजे वर्षभर कर्तव्यभावनेने चार्जर काढून जी वीज वाचवली, ती दीड वेळा पाणी तापवण्यात संपली. चार्जर काढण्याला माझा विरोध नाही. पण ते केल्यावर आपण वीज वाचवली या समाधानात गीझर तासभर चालू ठेवणाऱ्यांना मी काय म्हणावे?

उष्णता निर्माण करणारी आणि उष्णता हलवणारी यंत्रे, म्हणजे गीझर, इस्त्री, किटली, हीटर, वातानुकूलक आणि फ्रीज, हीच बिलाची खरी धनी असतात. एका कपासाठी दीड लिटर पाणी उकळणे ही रोजची उधळपट्टी आहे. पाण्याला उकळी आल्यावर आच मोठी ठेवून काही मिळत नाही. उघड्या भांड्यातले पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, फक्त वाफ जास्त होते. तेव्हा आच कमी करून झाकण ठेवावे. खोली लवकर थंड व्हावी म्हणून वातानुकूलक १६ अंशांवर नेण्याची सवयही अशीच निरर्थक आहे. तो आकडा यंत्राने कुठे थांबायचे ते सांगतो. साधे यंत्र त्यामुळे जोरात धावत नाही, उलट थांबायचे तेव्हा थांबत नाही. जाळी धुवा आणि आकडा २४ ते २६ अंशांदरम्यान ठेवा.

दिव्यांचा हिशेब मात्र करण्यासारखा आहे. ६० वॉटच्या जुन्या तारेच्या बल्बइतका उजेड साधारण ९ वॉटचा एलईडी देतो. रोज पाच तास धरले तर वर्षाला पहिल्याला सुमारे ११० युनिट आणि दुसऱ्याला १६ ते १७ युनिट लागतात.

घरातली कोणती वस्तू गुपचूप वीज खाते हे कळावे म्हणून लोक ॲप आणि उपकरणे विकत घेतात. मला ते पटत नाही, कारण जवळजवळ प्रत्येक इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लुकलुकणारा दिवा असतो आणि एका युनिटमागे तो किती वेळा लुकलुकतो हा आकडा तिथेच छापलेला असतो. तो आकडा ३,२०० असेल आणि दिवा साधारण ११ सेकंदांनी एकदा लुकलुकत असेल, तर त्या क्षणी घरात १०० वॉट वीज वापरली जात आहे. रात्री सगळे बंद केले आहे असे वाटत असताना एकदा हा दिवा पाहावा आणि मग एकेक बटण बंद करत जावे. सतत १० वॉट घेणारे एखादे विसरलेले यंत्र वर्षाला जवळपास ८८ युनिट खाऊन जाते. हा प्रयोग सांगितला की बहुतेक तरुण "त्याचे काही ॲप नाही का?" असे विचारतात. तिथे माझा संयम संपतो.

किरकोळ वाटणाऱ्या काही गोष्टी

सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला सुमारे २१ लिटर पाणी घालवतो, वर्षाला साडेसात हजार लिटरांहून अधिक. वॉशर बदलायला अर्धा तास पुरतो.

धुलाईच्या द्रवाचे झाकण भरून ओतू नये. माप झाकणाच्या आतल्या रेषेपर्यंत असते, आणि जास्त साबण कपड्यांतच राहतो. तुम्ही कपडे गरम पाण्यात धुत असाल, तर यंत्राची बहुतेक वीज पाणी तापवण्यात जाते. रोजच्या कपड्यांना साधे पाणी चालते.

सतत वापरायची वस्तू, म्हणजे चाकू, तवा, चप्पल, सर्वांत स्वस्त घेऊ नये. क्वचित लागणारी वस्तू विकत घेण्याआधी शेजारी मागून पाहावी.

मासिक वर्गण्या बंद करताना "कधीतरी बघेन" या आशेवर एकही ठेवू नये. पुन्हा सुरू करायला दोन मिनिटे लागतात.

क्रेडिट कार्डाची फक्त किमान रक्कम भरत राहणे ही घरगुती सवय नव्हे, पण घरातली सगळी बचत तीच गिळते. दरमहा ३ टक्के व्याज न फेडता साचत गेले, तर वर्षाला ते ४२ टक्क्यांच्या वर जाते आणि दोन वर्षांत रक्कम दुप्पट होते.

पहिल्याच महिन्यात सगळे बदलणे

अधीर नवशिक्यांची ही खूण आहे. पंचवीस रकाने असलेला तक्ता, "या महिन्यात एक पैही खर्च करणार नाही" असा संकल्प, आणि तिसऱ्या आठवड्यात सगळे ढासळून झालेली जंगी खरेदी. ओळखीतल्या एका मुलीने असा महिना कसोशीने पाळला. साबण आणि दात घासायची पेस्ट संपत आली तरी तिने ती आणली नाही, मैत्रिणींची वापरली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिने जे आणले ते दोन महिन्यांच्या नेहमीच्या खर्चापेक्षा जास्त होते, कारण आपण खर्च करण्याचा हक्क कमावला आहे असे तिला वाटत होते. खर्च लिहावा जरूर, पण चार रकाने पुरे: घर, अन्न, प्रवास आणि इतर. "इतर" हा रकाना सर्वांत मोठा झाला तरच त्याचे तुकडे करावेत. एका महिन्यात एकच सवय बदलावी आणि ती अंगवळणी पडल्याशिवाय दुसरीला हात लावू नये.

वाचलेले पैसे खात्यातच ठेवणे

विजेचे बिल कमी आले, अन्न फेकले गेले नाही, तरी महिनाअखेरीला शिल्लक तेवढीच का, असा प्रश्न मला हमखास विचारला जातो. वाचलेली रक्कम ज्या खात्यातून रोजचा खर्च होतो त्याच खात्यात पडून असते आणि नकळत दुसऱ्या कशात तरी जाते, हे त्याचे उत्तर. महिना संपल्यावर उरेल ते बाजूला टाकू, हा क्रमच उलटा आहे. पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम आपोआप वेगळ्या खात्यात जाईल असा आदेश बँकेला देऊन ठेवावा, आणि ते दुसरे खाते फोनवरून पैसे देण्याच्या कोणत्याही ॲपला जोडू नये. सुरुवात पगाराच्या पाच टक्क्यांनी झाली तरी चालेल. जी रक्कम महिन्याच्या मध्यावर परत काढावी लागते, ती सुरुवातीलाच जास्त ठरलेली असते. बिल कमी आले की तो फरक त्याच दिवशी मी हाताने तिकडे वळवते, रक्कम कितीही छोटी असली तरी. पगार वाढला की आदेशातला आकडा त्याच आठवड्यात वाढवावा, कारण दोन महिने वाढीव पगार हाताळून झाल्यावर तो आकडा वाढवायला कोणीही तयार होत नाही.