इराण्याकडे निवांत चहा प्यायचा असेल तर

मुंबईत धोबीतलावच्या क्यानी या इराणी हॉटेलात (१९०४ पासूनचं आहे) रविवारी सकाळी जाऊन शांतता शोधू नका, मिळणार नाही. त्यापेक्षा आपल्या एरियातला एखादा छोटा इराणी बघा आणि दुपारी अडीच-तीनच्या सुमारास जा, तेव्हा जेवणाची गर्दी संपलेली असते आणि चारचा चहावाला क्राउड अजून यायचा असतो, पंख्याचा आवाज ऐकू येतो इतकी शांतता. चहा घेताना ‘पानी कम’ सांगा, म्हणजे दूध जास्त नि कडक येतो, साधा थोडा पातळ वाटतो मला. सोबत ब्रून मस्का (लोणी लावलेला कडक पाव). बन मऊ असतो पण ब्रूनचं कवच कडक, तो चहात बुडवूनच खायचा, नुसता चावलात तर टाळू सोलून निघते (अनुभव आहे!). बुडवल्यावर वर लोण्याचे पिवळे थेंब तरंगतात, तो शेवटचा घोट सोडू नका. सुट्टे पैसे ठेवा, काही ठिकाणी अजूनही कॅशच लागते. आणि एकटे असाल तर समोरच्या खुर्चीवर कोणी अनोळखी काका पेपर घेऊन बसले तर दचकू नका, इथे टेबल शेअर करायचीच पद्धत आहे. लॅपटॉप मात्र घरीच ठेवा प्लीज.